महिपतकाकांची वई

डोंबिवलीत एमआयडीसीच्या मागे एक प्लॉट आहे. कागदावर मैदान, पण डंपरवाल्यांना ती राडारोडा ओतायची फुकटची जागा. केमिकल कंपनीतून रिटायर झालेल्या महिपतकाकांनी ते थांबवायला अर्ज केले, साहेबांच्या दारात बसले, शिव्या दिल्या, खाल्ल्या. शेवटी गावची युक्ती काढली. दापोलीहून निवडुंगाच्या फांद्या आणि सागरगोट्याच्या बिया आणून प्लॉटभोवती वई, म्हणजे काटेरी झाडांचं कुंपण, घातली. काही पावसाळ्यांत ती अशी माजली, की डंपर सोडा, मांजरही आत जाईना. काका जिंकले. पण जिंकल्यासारखं वाटेना. नुसता थकवा.

शेजारची योगिनी मुलींना खो-खो शिकवायची, रस्त्यावर, रिक्षा चुकवत. काका कोयत्याने वई छाटताना दिसले तशी ती थांबली.

"काका, वई हा शब्द आला कुठून हो? मुली विचारतात."

"वृति. संस्कृत. वेढणं, राखणं. लायब्ररीत बसून शोधलाय, अडाणी नाय मी!" काकांचा पारा चढलाच. "पण आमची आई कोश न उघडता सांगायची. रानात काटे असले तर ती नुसती जाळी. तेच भाजीच्या वाफ्याभोवती लावले की वई. आत राखण्यासारखं काहीतरी पायजे, आणि आत जायला बेडं पायजे. बांबू सरकवला की वाट मोकळी."

"मग ही काय आहे? आत गवत नि साप. बेडं तर दिसतच नाही."

"ठेवलं असतं तर डंपर घुसला असता! राखणार कोण होतं, तू?"

"रोज आत खेळलो असतो तर राखलंच असतं की. तुम्ही आम्हालाच बाहेर ठेवलंत, काका."

काका कोयता उचलून घरी गेले. जेवायला बसले नि आई आठवली. रंगूबाई वई घालताना आधी बेडं बसवायची, मग काटे. हे लहानपणापासून ठाऊक असून आपण विसरलो कसे?

रविवारी सकाळी त्यांनी कोपऱ्यातला निवडुंग तोडला. चिकानं हात भाजले, गुडघे बोलू लागले. माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट झाली. मुली एकामागोमाग आत शिरल्या नि गवत उपटू लागल्या.

टपरीवरून एक डंपरवाला ओरडला, "काय काका, आमच्यासाठी दार उघडलंत?"

काका फटीशेजारच्या दगडावर टेकले. "ये ना. डंपर आडवा करून आण."

आता रोज इथे बसणं आलं.

"योगिनी," त्यांनी हाक मारली, "उद्यापासून चहा तुझ्या घरचा."