कांबळेबाईंचा तास

कांबळेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगळवार पेठेत भाजी घेत होतो. तसाच कसबा बावड्याला त्यांच्या घरी गेलो. महिना होत आला, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. नववीचा शेवटचा तास त्यांनी भांडून वाचनासाठी घेतला होता, आणि त्यावरून आमचं कायम वाजायचं. पुढं दहावी आ वासून उभी, आणि ह्या पोरांना मोठ्यानं वाचायला बसवतात, हे काय खूळ!

एकदा त्या माझ्याच वर्गात येऊन बसल्या. सारिका नावाची मुलगी पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण घडाघडा वाचत होती. बाईंनी तिला शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगितलं, तर पोरगी परत पहिल्या ओळीपासूनच सुरू झाली... पाठ केलेलं, मधूनच कसं सुरू करणार? आमच्याकडं पोरं अशीच वरच्या वर्गात सरकतात. कान तयार, डोळे कोरे. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "सर, तिचं गणित कच्चं न्हाय. उदाहरण काय म्हणतंय, तेच तिला वाचता येईना झालंय." राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण नंतर मुद्दाम त्यांच्या वर्गावरून जायला लागलो. बाई बाकाबाकांतून फिरायच्या, कुठल्याही ओळीवर बोट ठेवायच्या. पोरगं अडखळलं की खूश व्हायच्या, आता खरं वाचायला लागलंय म्हणायच्या.

जायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात भेटलो. तब्येतीचं राहिलं बाजूला, माझा तास कुणाला देताय, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. बघू, म्हणालो मी. मुख्याध्यापकांनी तो मलाच दिला होता, गणिताच्या उजळणीला...

परवा त्या तासाला गेलो. कुठल्याच पुस्तकात नसलेलं एक उदाहरण रचून फळ्यावर लिहिलं आणि सारिकाला उठवलं. पहिल्याच ओळीत ती अडखळली, थांबली, परत मागं गेली. पोरं हसली. मला मात्र भरून आलं. म्हटलं, "वाच की बाळ. घाई न्हाय." तिच्यानंतर दुसरी, मग तिसरा. घंटा झाली तरी वाचन चालूच होतं. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, किती उदाहरणं झाली म्हणाले.

"एकच," मी म्हणालो. "तेबी अजून वाचून व्हायचंय."