गूढ म्हणजे झाकलेलं

चाळिसाव्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. लहानपणी आईवडील मेंढरांमागं फिरायचे, त्यात माझी शाळा आठवीतच सुटली होती. आता राजुरीत आमच्या आळीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मला रोज दुपारी मराठी शिकवायच्या. फी विचारली तर रागवायच्या.

एकदा धड्यात 'गूढ' शब्द आला. अर्थ विचारल्यावर मी म्हटलं, "भुताखेताचं काहीतरी."

बाई हसल्या. "अगं, गुह् म्हणजे झाकणं, लपवणं. त्यातूनच गूढ आलं. गूढ म्हणजे झाकलेलं. आणि त्यातूनच गुहा."

"मग भीती कशाला वाटते?"

"भीती वाटते, पण पाय तिकडंच ओढतात ना? झाकलंय म्हटल्यावर आत काय आहे ते बघावंसं वाटतंच."

मला एकदम जुन्नरजवळची लेणी आठवली. पाऊस आला की माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन तिथं आडोशाला थांबायचे. मी मात्र आतल्या अंधाराला भिऊन बाहेरच उभी राहायचे. हे ऐकून बाई म्हणाल्या, "मग जाऊ या की एकदा. आबांनाही घेऊ."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. आबांना आता कमी दिसतं, पण वाट त्यांनीच दाखवली. लेण्याच्या दाराशी बाई थबकल्या. आबा म्हणाले, "थांबा बाई, डोळ्याला सवय व्हऊ द्या." हळूहळू अंधारातून खांब दिसू लागले.

आबा भिंतीपाशी गेले आणि हातानं चाचपू लागले. तिथं दगडात अक्षरं कोरलेली होती. एकेका अक्षरावरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं.

"पावसात बसल्या बसल्या मी ह्येच करायचो," ते म्हणाले. "वाटायचं, शाळंत गेलेल्याला ह्ये वाचता येत आसंल. म्हून तर पोरीला शाळंत घातली व्हती."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. शाळा सुटली तेव्हाही नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "आबा, ही फार जुनी लिपी आहे. मलासुद्धा वाचता येत नाही."

आबा मोठ्यानं हसले. "म्हंजी मी एकलाच न्हाई तर! लई बरं वाटलं बगा."

बाहेर येऊन पायऱ्यांवर आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. मी आबांना 'गूढ'चा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी बाईंकडून तो शब्द दोनतीनदा म्हणवून घेतला आणि स्वतःही म्हणून बघितला.

मी पास झाले. निकालाच्या दिवशी आबा नवी घोंगडी खांद्यावर टाकून बाईंच्या दारात गेले. लोकर आमच्याच मेंढरांची होती. बाई नको नको म्हणत होत्या, पण त्यांनी ती बाईंच्या हातात देऊन हात जोडले. मी मागं उभी होते. मला त्या दोघांच्याही पाया पडायचं होतं. आधी कुणाच्या, तेच कळेना.