मोहल्ल्याला मिळालेला मान

आमच्या गावात उपनगराध्यक्षपद म्हणजे नुसती खुर्ची. सही नगराध्यक्षाची, ठेके पुढाऱ्याच्या भाच्याचे, आणि उपाध्यक्षानं झेंड्याशेजारी उभं राहायचं. म्हणूनच पक्ष ते पद आमच्या मोहल्ल्याला देतो आणि वर 'मान दिला' म्हणून ऐकवतो.

अब्बा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यातून उरलेलं आयुष्य पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात गेलं. उतारवयात नगरसेवक झाले आणि त्या वेळचा मान त्यांना द्यायचं ठरलं. निवडीआधी नगरसेवक फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायची रीत आहे. गाडीत बसतानाच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतात. अब्बा निघाले तेव्हा अम्मी उंबऱ्यातून म्हणाली, "आता त्या खुर्चीत बसूनच या."

निवडीच्या दिवशी सकाळी छातीत कळ येऊन अम्मी गेली. मी पुढाऱ्याला फोन लावला. तो सहलीत सोबतच होता, गाडी गेवराईपर्यंत आली होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"एक मत कमी पडंल," तो म्हणाला. "हात वर झाले की मी सोता सांगतो. तुमी पुढचं उरकून घ्या."

मी नगरपालिकेकडे धावलो, तर कार्यकर्त्यांनी फाटकातच अडवलं. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. दुपारच्या नमाजनंतर तिला दफन करून आलो.

घरासमोर टोप्या घातलेली माणसं उभी होती, तेवढ्यात हलगी वाजवत मिरवणूक गल्लीत शिरली. उघड्या जीपमध्ये अब्बा, गळ्यात हार, दाढीत गुलाल. एवढी माणसं आपल्या स्वागताला जमली असं त्यांना वाटलं. त्यांनी हसून सगळ्यांना हात जोडले. कुणीच पुढं येईना, तसं त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. कबरीची माती मी अजून धुतली नव्हती.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पुढारी मागच्या गाडीतून उतरलाच नाही.

राजीनामा द्या म्हणून मी अब्बांशी लई भांडलो. तिनं सांगितलंय, एवढंच ते म्हणत राहिले. त्या पुढाऱ्याचं तोंड दिसलं की आजही माझं डोकं फिरतं. अब्बा मात्र मुदत संपेपर्यंत रोज जाऊन त्या रिकाम्या टेबलामागे बसायचे. संध्याकाळी घरी आले की उंबऱ्यात थांबायचे आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणायचे, "बसून आलो."