बटाट्याचा रुसवा आणि लांडग्याचे ओठ

खरं तर हे लिहिणारच नव्हते. परवा पेपर आहे, अर्धा विषय कोरा. पण शनिवारचा तो लांडगा डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून बसलेच.

अलास्कातल्या आमच्या त्लिंगिट जमातीच्या गावात एनोक आजोबा लाकडाचे मुखवटे कोरतात. गावातली सगळी कुळं दोन बाजूंत वाटलेली, डोमकावळा आणि लांडगा. आजोबा जन्माने डोमकावळ्याच्या बाजूचे. बायको, फेनाआजी, लांडग्याच्या बाजूची. आमच्यात पोरं आईच्या बाजूची, म्हणजे घरात सगळे लांडगे आणि आजोबा एकटे कावळे! आजीचा भाऊ फिलिप गेल्याला वर्ष झालं, त्याच्या वर्षाच्या जेवणात लांडग्याचा मुखवटा नाचवायचा होता. लांडग्यांचा मुखवटा कावळ्यांनीच करायचा, लांडग्यांनी बोटही लावायचं नाही. आणि फिलिपने जायच्या आधीच दम दिलेला, "दाजी, माझ्या लांडग्याला ट्यूबमधला रंग फासलात ना, तर भूत होऊन तुमची खुर्ची हलवीन!"

मुखवटा झाला झकास. कान ताठ, दात शिंपल्यांचे. राहिला फक्त ओठांचा लाल रंग. त्यासाठी सॅमन माशाची अंडी, म्हणजे गाभोळी, सीडर झाडाच्या सालीत गुंडाळून चावायची, वाटीत थुंकायची आणि त्यात गेरू खलायचा. पण आजोबांची कवळी! पहिल्याच घासाला सालीसकट बाहेर.

"द्या इकडे, मी चावते," आजी म्हणाली.

"तू लांडगीण. गप बस."

गावातल्या तरुण कावळ्यांनी नाकं मुरडली. "ई, आजोबा! दुकानात मिळतो की रंग!"

उरला एकच कावळा. आजोबांचा खाडीपलीकडचा थोरला भाऊ इग्नाती. ऐंशीला टेकलाय, बत्तिशी शाबूत. पण उन्हाळ्यात त्याने चारचौघांत आजोबांच्या अस्वलाच्या मुखवट्याला बटाटा म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद! शुक्रवार उजाडला तरी आजोबा घुम्यासारखे बसलेले. शेवटी आजीने होडीचा दोर त्यांच्या हातात कोंबला. "तुमच्या रुसव्यापायी माझ्या भावाचा लांडगा फिक्या तोंडाने नाचणार का?"

गेले बिचारे.

"कोण? बटाटेवाले?" इग्नाती दारातूनच.

"दादा, तुझे दात हवेत."

"काढून देऊ, की अख्ख्यालाच नेतोस?"

आणला अख्ख्यालाच! शेडमध्ये बसून तो चावत होता, थुंकत होता, मधेच एक घास गिळूनही टाकला लबाडाने. आजोबांनी ओठ रंगवले. इग्नातीने मुखवटा उजेडाकडे वळवून निरखला. मग हळूच म्हणाला, "एनोक, हा लांडगाच आहे रे."



शनिवारी ढोल वाजला, लांडगा नाचला, तोंड असलं लालभडक की फेनाआजी ओरडलीच, "बघ रे फिलिप!" कोपऱ्यात दोघे भाऊ एकाच ताटातून सुका मासा सीलच्या तेलात बुडवून खात होते.

"पण ते अस्वल बटाटाच होतं हं," इग्नाती म्हणाला, आणि आजोबा ठसका लागेपर्यंत हसले.

तुमचंही कुणीतरी असेल ना खाडीपलीकडे रुसून बसलेलं? प्लीज, याच आठवड्यात जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, फक्त त्यांच्याकडे काहीतरी मागा.