गिरणीकडची खिडकी

शुक्रवार, २१ मे २००४, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. संस्थेच्या खोलीचे कुलूप मी त्या वेळी उघडले. त्या दिवशी प्रत्येक गोष्टीची वेळ मी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूस पेन्सिलीने लिहीत गेलो. ते पान अजून माझ्याकडे आहे.

आमचे गाव पोंभुर्ण्यापासून चौदा किलोमीटरवर. गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची सहकारी संस्था होती आणि मी तिचा सचिव होतो. तलावाचा ठेका पाच वर्षांसाठी नव्याने मिळायचा होता. त्यासाठी सभासदांची छापील यादी त्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत तालुक्याच्या कार्यालयात पोहोचणे आवश्यक होते. खाडाखोड चालणार नाही आणि ठेक्याच्या मुदतीत यादी बदलता येणार नाही, असे पत्रात स्पष्ट लिहिले होते. एकूण एकशे अठरा नावे. त्यांतील एक सभासद मागच्या कार्तिकात वारला. त्याच्या जागी त्याच्या पत्नीचे नाव घ्यावे, असा ठराव आदल्या संध्याकाळच्या सभेत झाला होता. ज्याचे नाव यादीत नाही, त्याला तलावात जाळे टाकता येत नाही. त्या बाईला दुसरा आधार नव्हता.

बदल एका ओळीचा होता. मी अर्ध्या तासाचे काम धरले होते.

आठ सतराला संगणक सुरू केला. आठ एक्केचाळीसला तो आपोआप बंद पडला. केलेला बदल जतन व्हायचा राहिला होता. पुन्हा सुरू केला. बदल केला, जतन केला. नऊ दोनला बंद. तिसऱ्या वेळी छपाईची आज्ञा दिली. पहिल्या पानावर अकरा नावे उमटली आणि पडदा काळा झाला. चौथ्या वेळी तो चार मिनिटेच टिकला; मराठी अक्षरांचा प्रोग्रामसुद्धा उघडला नाही.

मी वायर बदलली. स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. तो जागेवर होता. चंद्रपूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"एसएमपीएस गेला असन, भाऊ, आतून वीज देते तो डबा. घेऊन या. सोमवारी पाहू."

सोमवारचा मला उपयोग नव्हता. मी फोन ठेवला.

जिचे नाव घालायचे होते, ती बाई साडेआठपासून दाराजवळच्या बाकावर बसली होती. तिथे भिंत तापत असे. खोलीत एकच कूलर होता. तो शेजारच्या धानाच्या गिरणीकडच्या खिडकीत बसवलेला आणि त्याचे तोंड संगणकाकडे. तशी व्यवस्था मीच दोन उन्हाळ्यांपूर्वी केली होती. माणसे उकाडा सहन करतात, यंत्र करत नाही, असे माझे मत होते. बाकावरच्या लोकांनी तक्रार केली, तरी मी कूलर वळवला नव्हता.

"भाऊ, जराशी हवा इकडे येऊ द्या ना," ती म्हणाली.

"यंत्र बंद पडत आहे. त्याला हवा हवी."

"त्याले घाम येते का जी?"

मी उठलो. संगणकाचे टेबल कूलरकडे हातभर ओढले. खोलीतून बाहेर गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बसवत नव्हते. अर्धा तास संगणक बंद ठेवून पुन्हा लावला, तेव्हा तो आठ मिनिटे चालला. तेवढ्यात एकही पान पूर्ण होत नव्हते, कारण मराठी अक्षरांचे एक पान छापायला आमच्या प्रिंटरला सहा मिनिटे लागत आणि यंत्र जागे व्हायलाच पाच. परंतु एक गोष्ट कळली. विश्रांती दिली की तो जास्त टिकतो. दोष विजेचा असता, तर विश्रांतीने फरक पडला नसता. संगणकाच्या डब्याच्या बाजूस तळहात ठेवला आणि चटका बसला म्हणून लगेच काढून घेतला.

अकराला भारनियमन सुरू झाले. वीज आता दोनला येणार होती.

त्याच सुमारास संस्थेचे अध्यक्ष मोटारसायकलवरून आले. त्यांनी काळा पडदा पाहिला.

"हा बी सरकारी मानूस झाला का, भाऊ? ऊन तापलं का झोपून राह्यला."

मी काय झाले ते सांगितले. त्यांनी कपाट उघडले आणि मागच्या वर्षीच्या यादीची छापील प्रत बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"हेच देऊ. घर तं तेच हाये. नवऱ्याचं नाव काय अन् बायकोचं नाव काय. सही मारा, मी आत्ताच नेऊन देतो. साऱ्या गावाचा ठेका एका नावापायी घालवता का?"

बाई बाकावरून उठून दारात आली.

"पाच वर्सं त्याचं नाव ठेवान, तं मासे का तो येऊन धरन? मी जाळं टाकलं का तुम्हीच म्हणान, बाई, तुह्यं नाव कुठी हाये."

"मी काऊन म्हणीन?"

"तुम्ही नाई तं दुसरा म्हणन. म्हणणाऱ्याले का तोटा हाये."

अध्यक्षांचे म्हणणे चुकीचे होते, असे मला म्हणता येईना. एकशे सतरा घरे होती. मी जुनी यादी समोर ओढली, पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

"दोनला वीज येईल. साडेतीनपर्यंत थांबा," मी म्हणालो. "तोवर छापली गेली नाही, तर हीच घेऊन जा."

ते बाहेर झाडाखाली जाऊन बसले.

मी संगणकाचा डबा उचलून उजेडात, व्हरांड्यात आणला. पेचकसाने बाजूचा पत्रा उघडला. यापूर्वी तो कधी उघडला नव्हता. आतला छोटा पंखा फिरत नसावा, असे मी समजत होतो. बोटाने ढकलला, तर तो मोकळा फिरला. चार स्क्रू काढून तो बाजूला केला. त्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या उभ्या असतात. उष्णता त्यांच्यातून बाहेर जाते. त्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर बोटभर जाडीचा पिवळट थर होता, वाळलेल्या पिठासारखा घट्ट. वारा त्याच्यावरून फिरून माघारी जात होता.

बाईने वाकून थर नखाने उकरला.

"हा तं धानाचा कोंडा होय जी. ओला होऊन वाळला का असाच बसते." मग गिरणीकडच्या खिडकीकडे पाहून म्हणाली, "ओलं जाळं कोणी गिरणीकडं वाळू घालते का?"

आमच्या गावात कोणी घालत नाही. गिरणीचा कोंडा ओल्या जाळ्याला धरतो आणि मग सुटत नाही, म्हणून सगळी जाळी तलावाच्या बाजूला वाळतात. हे लहान पोरालाही माहीत असते. मला साठ वर्षे माहीत होते. आणि मी कूलर नेमका गिरणीकडे बसवून, तिकडची हवा आत ओढून, ओली करून, दोन उन्हाळे यंत्राच्या तोंडावर सोडत होतो.

मी म्हणालो, "काहीतरी चपटे द्या. लोखंड नको."

तिने कमरेची पिशवी उघडून जाळे विणायची बांबूची सुई दिली. ती पट्ट्यांमध्ये बरोबर जात होती. एकेक फट मोकळी करायला एक तास गेला. उरलेले दाताच्या ब्रशने काढले. शेवटी सायकलचा पंप लावला. ती पंप मारीत होती, मी नळी धरली होती. दोघांचेही चेहरे पिवळे झाले. झाडाखालून अध्यक्ष म्हणाले, "हळद लागली का काय?" तिने पंप थांबवला नाही.

पंखा परत बसवला. पत्रा लावला नाही.

वीज दोन वाजून सहा मिनिटांनी आली. कूलर मी लावला नाही. संगणक सुरू केला आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. चार मिनिटे. आठ. अकरा. छपाईची आज्ञा दिली. पहिल्या पानाचे बारावे नाव उमटेपर्यंत माझा हात टेबलाच्या कडेवर होता. प्रिंटर आपल्या गतीने चालत राहिला. त्र्याहत्तरावे नाव, तिचे, तिसऱ्या पानावर आले.

चारही पाने दोन त्रेचाळीसला पूर्ण झाली. मी शिक्का मारला, सही केली. तिच्या नावापुढे तिने सही केली. अक्षरे सुटी सुटी काढली, मात्र चुकली नाही. तीनच्या आत मोटारसायकल निघाली. जुनी यादी मी फाडून टाकली.

अध्यक्ष साडेपाचला पोच घेऊन आले. बाई तोवर बाकावरच होती. तिने पोचेवरचा शिक्का पाहिला.

"त्र्याहत्तर ना, भाऊ?"

"त्र्याहत्तर."

तिने बांबूची सुई माझ्या टेबलावरून उचलली, पदराला पुसली आणि ती तलावाकडे गेली.

चूक कोणाची होती, हे अध्यक्षांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

त्यानंतर मी कूलरची टाकी रिकामी केली, तो गिरणीकडच्या खिडकीतून काढला, तलावाकडच्या खिडकीत बसवला आणि तोंड बाकाकडे करून खाली विटा लावल्या. गिरणीकडची खिडकी आतून कडी घालून बंद केली.