सुपरहिरोंची तपासणी

आमच्या मराठी मंडळाचं एक त्रैमासिक निघतं. त्यात हळदीकुंकवाचे फोटो असतात, तीन-चार कविता असतात आणि शेवटच्या पानावर कुठली तरी वडी. ते नियमित वाचणाऱ्यांत सगळ्यात तरुण मी, आणि मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. यावरून काय ते समजावं.

त्रैमासिकाचे संपादक मूळचे सोलापूरचे. बँकेतून बदलीवर चेन्नईला आले आणि इथलेच झाले. एके सकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, तरुण मुलांसाठी काहीतरी द्यायला हवं. वेलचेरीत एक मुलगी राहते, तंजावरकडच्या मराठी घरातली. ती सुपरहिरोंचं कॉमिक काढते. सतरावा अंक नुकताच आलाय. त्याचं परीक्षण तुम्ही लिहा."

"मी? मी कॉमिक कधी हातात धरलेलं नाही."

"पण तुम्ही खोट काढता की! मंडळात तुमच्याइतकं खोट काढणारं दुसरं आहे कोण?"

मी ते कौतुक समजले. शिवाय ते खरंच होतं. चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. माझ्या टेबलावरून नट, बोल्ट, वायसर असं काहीही मोजल्याशिवाय पुढे गेलं नाही. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी मी पेटीच्या पेटी परत पाठवायची. मला येताना पाहून लेथवरची माणसं चहा अर्धा टाकून उठायची.

अंक पोस्टानं आला. मी जेवणाचं टेबल पुसलं, भिंग काढलं, लाल पेन काढलं आणि बसले.

"वाचतेयस की तपासतेयस?" आमच्या ह्यांनी विचारलं. हेही त्याच कारखान्यातून निवृत्त झाले, पण भांडारातून. भांडारातल्या माणसाला सगळं चालतं.

कॉमिकमधली फौज सहा जणांची होती, सगळे चेन्नईचे. त्यांतली मुख्य नायिका कितीही पाणी पिऊ शकायची, तळंच्या तळं एका घोटात. दुसरा गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होता आणि त्याचे हात लोहचुंबक होते. एक डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी म्हातारी होती, तिनं नुसतं बोट वर केलं की शेअर ऑटो जागच्या जागी थांबायचे. बाकी तिघं उडायचे. खलनायक बिल्डर होता. तो तळ्याला हात लावायचा आणि तिथं अकरा मजली इमारत उगवायची.

मजकूर इंग्रजीत होता, मारामारीचे आवाज तमिळमध्ये. पानांना आकडे नव्हते. ही पहिली खोट मी टिपून घेतली.

पण जसजशी वाचत गेले तसतशी चक्रावले. पाचव्या पानावर नायिका वेलचेरीच्या रस्त्यावर उभी राहते, आवंढा गिळते आणि अख्खा पूर पिऊन टाकते. पान उलटलं तर पाऊस सुरू होतो. पुढच्या पानावर पूर येतो. टर्नरच्या उजव्या हाताला आधी बँडेज दिसतं, मग चार पानांनी हात मोडतो. शेवटाकडे सगळी फौज केळीच्या पानावर विजयाचं जेवण जेवते, सांबार, रसम, पायसम सगळं. ते पोटभर जेवून उठतात आणि मग खलनायकाशी लढायला जातात.

"काही कळत नाही बुवा," ह्यांनी चाळून अंक परत ठेवला. "पानं वरखाली झाली असतील."

"तुम्हांला काय कळतंय त्यातलं? हल्लीचं साहित्य असंच असतं," मी म्हणाले. "सरळ सांगितलं तर त्यात कला कुठली?"

हे मी कुठं ऐकलं होतं देवाला माहीत. पण एकदा बोलून बसल्यावर मला ते पटलं. तीन दिवस खपून मी परीक्षण लिहिलं. पूर येण्याआधी पूर पिणं ही दूरदृष्टी शहराच्या कारभाऱ्यांनी शिकण्यासारखी आहे, असं लिहिलं. लढाईआधी जेवून घेणं यातून तंजावरी घराण्याचा व्यवहारीपणा दिसतो, असं लिहिलं. बँडेजबद्दल तर एक अख्खा परिच्छेद होता, त्यात 'नियती' हा शब्द दोनदा आला होता. शेवटी शेरा दिला: 'काळाची मोडतोड लेखिकेनं अत्यंत अचूकपणे केली आहे.' अचूक हा शब्द मी एकतीस वर्षांत कुठल्याही मालाला दिलेला नव्हता.

परीक्षण छापून आलं आणि मंडळात माझा भाव एकदम वाढला. संपादक हरखून गेले. त्यांनी गिंडीत एका कंपनीच्या कँटीनवरचा हॉल मिळवला आणि रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. आधी माझं भाषण, मग त्या मुलीशी गप्पा, मग उपमा.

वीसेक माणसं जमली होती. मी नारळी काठाची साडी नेसून गेले. ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, सडपातळ, मोठा चष्मा, बोटांना शाई. शेजारी तिची आई. मी पाऊण तास बोलले. काळाची मोडतोड समजावताना मी हातवारेही केले, जे मी एरवी करत नाही. मुलगी अगदी मन लावून ऐकत होती. तिच्या कपाळावर मधेमधे एक आठी येत होती. ती भारावली असणार, असं मला वाटलं.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. ती उठून माझ्याजवळ आली.

"मामी, तुमचं पुस्तक जरा बघूं कां?"

तंजावरकडचं मराठी मला फार गोड वाटतं. जुन्या पोथीतल्यासारखं, आणि चाल तमिळ. मी मोठ्या कौतुकानं अंक तिच्या हाती दिला. तिनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग तोंडावर हात ठेवला.

"अय्यो! मामी, हें तप्पा बांधलांय! चूक बांधलांय! मधले दोन ताव इकडचे तिकडे गेलेत. पाऊस आधी, पूर मागाहून, मग ती पिते. मी तसंच काढलें होतें!"

माईक चालूच होता.

खाली कँटीनमध्ये उपम्याच्या ताटल्या मांडल्याचा आवाज वर आला. मी जन्मभर वाकड्या पिना परत पाठवल्या आणि ही अख्खी सदोष वस्तू 'अचूक' शेरा मारून पुढे पाठवली होती. मला कारखान्यातल्या सगळ्या लेथवरची सगळी माणसं डोळ्यांसमोर दिसली. सगळे हसत होते. तिसऱ्या रांगेत आमचे हे छताकडे बघत होते. ते हसत नव्हते, आणि त्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं.

पळून जावं असं वाटलं, पण साडीला पिना फार होत्या.

"तुझ्याकडे नीट बांधलेली प्रत आहे?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून काढून दिली. मी तिथंच खुर्चीवर बसले, पर्समधलं भिंग काढलं आणि वाचायला लागले. संपादक म्हणाले, "वहिनी, उपमा गार होतोय, नंतर वाचा." मी म्हणाले, "तपासणी चालू असताना बोलू नये." वीस माणसं पंधरा मिनिटं खुर्च्यांवर बसून राहिली.

वाचून झाल्यावर मी माईकजवळ गेले. "मी माझा शेरा मागे घेते," मी म्हणाले. "माल सदोष होता आणि तो मला ओळखता आला नाही. ही माझी चूक. नीट बांधलेल्या प्रतीत लढाई फार चांगली रंगली आहे आणि जेवण नंतर आहे तेच बरोबर आहे. मात्र," मी मुलीकडे वळले, "पूर आधी पिण्याचं माझ्या प्रतीत जास्त चांगलं होतं."

"तें कसं मामी? पाणी आलंच नाही तर पिणार काय?"

"ती सुपरहिरो आहे ना? मग आल्यावर पिण्यात काय मोठेपणा? आल्यावर तर आम्हीपण बादल्या घेऊन उपसतोच."

इथं हॉल पेटला. मंडळातली निम्मी मंडळी वेलचेरीला राहणारी, आणि तिथं मोठा पाऊस झाला की पाणी भरतंच, त्यामुळे पुराबद्दल प्रत्येकाला मत होतं. तळमजल्यावर राहणाऱ्या एक बाई ताडकन उठल्या. "आधीच! आधीच प्यायला पाहिजे! आमचा सोफा दोनदा गेलाय." पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की कथेत आधी संकट यावं लागतं, नाहीतर रस राहत नाही. "तुम्हांला गॅलरीतून रसच दिसणार," बाई म्हणाल्या. मुलीची आई मधेच भरभर तमिळमध्ये काहीतरी बोलली, त्यावर सगळे हसले, आणि मला मात्र त्यातला फक्त 'मोटर' हा शब्द कळला. शेवटी संपादकांनी हात वर करायला लावले. आधी प्यावं असं म्हणणारे जास्त निघाले. मुलगी खट्टू झाली.

उपमा खाताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी म्हणाले, "रागावलीस?"

"नाही मामी. पण तुमचं परीक्षण वाचून मी आठ दिवस विचार करत होतें, मी इतकी हुशार कधी झालें म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "एक विचारूं? पुढचा अंक छापायला द्यायच्या आधी तुम्ही बघाल कां? घरांत सगळे नुसतं छान छान म्हणतात."

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला संकोच वाटतो. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही तपासायला दिलं नव्हतं. घरातले डबे तपासून झाले होते, ह्यांचे शर्ट तपासून झाले होते, खालच्या मजल्यावरच्यांच्या पाण्याच्या पिंपांची झाकणं तपासली तेव्हा भांडण झालं होतं.

आता मी दर गुरुवारी आवडीहून गाडी पकडते, मधे गाडी बदलून वेलचेरीला जाते. तिची आई आधी कॉफी देते, मग मी भिंग काढते. अठराव्या अंकाच्या मूळ चित्रांत मला पुष्कळ सापडलं. बिल्डरच्या शर्टाची बटणं एका चौकटीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे. शेअर ऑटोला चार चाकं. आणि एका चौकटीत पाणी पिणाऱ्या नायिकेच्या हाताला सहा बोटं.

"हे बघ," मी लाल पेन टेकवलं.

ती वाकून बघत राहिली. "सुपरहिरो आहे ना मामी. असूं दे की एक बोट जास्त."

"असू दे. माझी हरकत नाही. पण मग सगळ्या चौकटींत सहाच पाहिजेत. निम्म्या मालाला एक माप आणि निम्म्याला दुसरं, हे माझ्या टेबलावर चालणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं, पानांच्या गठ्ठ्याकडे बघितलं, आईला अजून एक कॉफी करायला सांगितली आणि पहिल्या पानापासून एकेक बोट वाढवत बसली.