भिंगरीला कोण भरवतं?

पूल संपून बाजाराचा रस्ता लागला तरी धाकटीच्या चालण्याचा वेग उतरला नव्हता. दवाखान्यातून दोघी जावा चालतच निघाल्या होत्या. दारात रिक्षा उभी होती, पण धाकटीने मान हलवली. "चालूया ताई. बसले तर रडू येईल." थोरलीने तिच्या पावलाला पाऊल जुळवलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागली.

रिपोर्ट धाकटीच्या पर्समध्ये होता. भिंगरीच्या रक्तातला आकडा उतरायचं सोडून आणखी चढला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "कुठून तरी पोटात जातंय. शोधा. आतडी भरून यायला उसंतच मिळत नाहीये. अशाने वाढ खुंटेल पोरीची."

भिंगरी ही धाकटीची लेक, दुसरीत शिकणारी. गव्हातलं ग्लूटेन तिला सोसत नाही. कणभर गेलं तरी आतडी आतून सोलवटतात, रक्तातला तो आकडा चढतो, आणि वरून कित्येकदा काही दिसतही नाही. हे कळल्यापासून धाकटीने घर उलटंपालटं केलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. केसभर चूक झाली की काच वाया, ही शिस्त हातात मुरलेली. तशाच शिस्तीने तिने वेगळा तवा, वेगळी चाळण, लाल झाकणांचे डबे असं सगळं लावून घेतलं. नातेवाइकांना हसायला आयतंच कारण मिळालं. वन्सं म्हणायच्या, "आमची पोरं बिस्किटं खाऊन टोणग्यासारखी वाढली. हिचीच तेवढी काचेची!" एका वाढदिवसाला भिंगरीचा घरून आणलेला डबा बघून चुलतसासूबाईंनी विचारलं, "आमच्या हातात विष असतं का गं?" धाकटीने हसून उत्तर दिलं, "विष नाही हो, मैदा असतो." हसण्यावारी नेलं खरं, पण घरी येऊन त्या दिवशी ती जेवलीच नाही.

सासरे, म्हणजे आबा, टिंगल करत नसत. पण त्यांना पटलंही नव्हतं. "आपल्या घराण्यात असलं कुणाला नव्हतं," एवढं एकदा बोलून ते गप्प झाले. शाळा सुटली की भिंगरी त्यांच्याच दुकानात बसायची. त्यामुळे मागच्या खेपेला आकडा चढला, तेव्हा धाकटीने भर जेवणात सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, खरं सांगा, तुम्ही देता ना तिला काहीतरी?"

आबांचा घास हातातच राहिला. "देवाशपथ नाही," म्हणाले आणि ताटावरून उठले. त्या दिवसापासून ते स्वतःचा डबाही दुकानात नेईनासे झाले.

"मग आता?" बाजारातून चालता चालता थोरलीने विचारलं.

"उद्यापासून ती दुकानात पाऊल टाकणार नाही. सांभाळायला बाई बघीन. आणि आबांना तोंडावर सांगणार, का ते."

"अगं, देवाची शपथ घेतलीय त्यांनी."

"शपथेने आकडा खाली येतो का ताई?"

आबा देवाचं नाव घेऊन खोटं बोलतील, हे थोरलीला पटत नव्हतं. आणि रिपोर्ट खोटा, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

आबांचं पुस्तकबांधणीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. धाकटी तडक आत शिरली. आबा दोरा ओवत होते. समोर उंच स्टुलावर बसून भिंगरी पातेल्यातली चिकट खळ लावून एका कव्हराला अस्तराचा कागद चिकटवत होती.

"भिंगरे, दप्तर भर," आबा म्हणाले. सुनेकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"आबा, आकडा परत चढलाय."

"मग घे झडती दुकानाची. चहासुद्धा रस्त्यावर उभा राहून पितो मी."

"मग काय हवा खाऊन आजारी पडते ती?"

"ते तुझ्या डॉक्टरणीला विचार! उद्या माझी सावली पडली तरी पोरीचं पोट बिघडतं म्हणशील!"

आवाज चढले तशी भिंगरीने मान आणखी खाली घातली आणि हातातलं काम भराभर उरकायला लागली. थोरली तिला जवळ घ्यायला पुढे झाली आणि जागीच थबकली. पुढचा कागद सुटेना म्हणून पोरीने खळीने माखलेलं बोट जिभेला लावलं, कागद उचलला, कडेला बोटाने खळ फिरवली आणि पुन्हा तेच बोट जिभेला लावलं.

"आबा, ही खळ कशाची हो?"

"मैद्याची. आणखी कशाची असणार?" आबांचा आवाज थोडा उतरला. "घाबरू नकोस. मोरचूद घालत नाही मी आता. कसर लागू नये म्हणून घालायचो, पण ते विषारी. आणि हिचं बोट सारखं तोंडात. म्हणून रोज सकाळी ताजी शिजवतो, नुसता मैदा आणि पाणी. खाईना का कसर पुस्तकांना."

आबांना अजून उमगलं नव्हतं. खळ ही त्यांच्या लेखी खाण्याची वस्तूच नव्हती. पुठ्ठा, दोरा, सरस, तशीच ती. आणि धाकटी तरी इतके महिने डबे, खिसे आणि दप्तर तेवढं तपासत आली होती. टेबलावर उघडं पडलेलं ते पातेलं तिला कधी दिसलंच नव्हतं.

ती लेकीला उचलून बाहेरच्या नळावर घेऊन गेली. एकेक नख घासायला लागली. पोर "आई, दुखतंय" म्हणाली तेव्हा कुठे हात सैल झाला. थोरली मागोमाग येऊन उभी राहिली. आत आबांनी काम बाजूला ठेवलं होतं. ते दाराकडे बघत होते.

"ताई, एक कराल माझं?" धाकटी खालच्या आवाजात म्हणाली. "आधी मी आत जाऊन त्यांची माफी मागते. ती मलाच मागायला हवी. पण खळीचं तुम्ही सांगा. आजच सांगा, उद्यावर नको. माझ्या तोंडून निघालं तर तो दुसरा आरोप होईल हो."